पहिल्या हाकेचा मान

"आमच्या हिला समुद्राच्या तळातली लोखंडी नळी ओ देते, पोटची पोरगी मात्र देत नाही," ही तिच्या नवऱ्याची ठेवणीतली थट्टा. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. घरी येताना अंगाला पावाचा वास आणि तोंडात हे वाक्य, दोन्ही बरोबरच यायचं. पाहुणे हसले की तीही हसायची, कारण थट्टा खरी होती. जेवायला या म्हणून ती स्वयंपाकघरातून घसा कोरडा करायची, तरी कुणी हलायचं नाही. वर्कशॉपात मात्र तिचं नावच हाकवाली पडलं होतं.

ही नळी काय भानगड आहे ते आधी सांगायला हवं. समुद्राच्या तळाशी प्रवाह मोजणारी यंत्रं वर्ष-वर्षभर ठेवतात. यंत्राच्या वर पोकळ पिवळे गोळे, खाली वजन म्हणून भंगारातलं रेल्वेचं चाक, आणि चाक व यंत्र यांच्या मध्ये ही नळी. मांडीएवढी जाड, खालच्या तोंडाला आकडा. वर्कशॉपात तिला कडी म्हणायचे. वर्षानं जहाज त्या जागी जातं, एक भोंगा दोरीला बांधून पाण्यात सोडतात, आणि भोंग्यातून त्या कडीचा ठरलेला आवाज खाली जातो. कडीच्या पोटात सेल असतात. आपला आवाज ओळखून ती ओ देते आणि आकडा सोडते. चाक तळाशी राहतं, गोळे यंत्राला घेऊन वर येतात. आकडा सुटला नाही, तर वर्षभराची मेहनत खाली चिखलातच.

म्हणून एका यंत्राला दोन कड्या लावतात, शेजारी शेजारी. दोन्हींतली एक सुटली तरी भागतं. पण त्या दोन कड्या दोन वेगळ्या माणसांनी तयार करायच्या, म्हणजे एकाची चूक दुसऱ्या कडीत जात नाही. दुसऱ्याच्या कडीला हात लावायचा नाही, ती उघडून बघायची नाही, "जरा धरतेस का" असंसुद्धा म्हणायचं नाही. समुद्रातून वर आली की ज्याची त्यानं उचलायची आणि आपल्या टेबलावर न्यायची. हा नियम मास्तरांचा, आणि तो मोडलेला मास्तरांना अजिबात खपायचा नाही.

मास्तर म्हणजे वर्कशॉपातले सगळ्यात जुने कारागीर. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण बोलणं असं की समोरच्यानं आपोआप हाताची घडी घालावी. हाकवालीला त्यांनीच आणलं. तिच्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. वडील गेल्यावर ती एकटीच तिथे बसायची. मास्तर रेडिओ घेऊन आले, ती तारा जोडायला कथलाचा डाग देताना शेजारी उभं राहून बघत राहिले, आणि रेडिओ न्यायला आले तेव्हा म्हणाले, "पोरी, हे हात माशा मारायला नाहीत. उद्यापासून माझ्याकडे ये." तिच्या लग्नात बापाच्या जागी तेच उभे राहिले. तिची मुलगी त्यांना आजोबा म्हणते. ते नातं काही रक्ताचं नव्हतं, पण रक्ताच्या नात्यातही इतकं कोण करतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

"दुसऱ्याच्या कडीवर कधी विसंबू नकोस," हे मास्तरांचं पहिलं शिकवणं. "खाली तुझी एकटीचीच कडी आहे असं समजून ती बंद कर." ती तसंच करायची. सेल एकेक करून तपासायची, त्यांना डाग देऊन जुडगा बांधायची, झाकणाच्या रबरी रिंगेवर केस तर अडकला नाही ना म्हणून भिंग लावून बघायची. एक सवय तिची स्वतःची होती. समुद्रातून वर आलेल्या कडीतले वापरलेले सेल भंगारात टाकताना जुडग्यावर नखांना लावायच्या रंगानं फुली मारायची, म्हणजे चुकून कुणी नव्यात मिसळायला नको. एक वर्ष लाल बाटली संपली, तर लेकीची झगझगीत जांभळी बाटली घेतली. ती लेकीच्या इतकी लाडकी होती की त्यावरून घरात मोठं रामायण झालं, आणि नवरा कित्येक दिवस "जांभळ्या फुलीवाल्या बाई" म्हणून चिडवत होता.

पूर्वी जहाजावर पहिली हाक मास्तरांच्या कडीला असे. मान त्यांचा. मग एका सफरीत, सगळे डेकवर जमलेले असताना, त्यांनी हाक मारायची, म्हणजे भोंग्याला आवाज देणारी, पेटी तिच्या हातात दिली. "आजपासून आधी लेकीची कडी, मग बापाची. म्हाताऱ्याला कशाला उगाच झोपेतून उठवता?" लोक हसले, टाळ्या पडल्या. तिला काही दिसेना, डोळे भरून आले होते. बंदराला लागल्यावर तिनं आधी नवऱ्याला फोन केला, आणि भट्टीच्या घरघरीत त्याला नीट ऐकू येईना म्हणून तेच तेच ओरडून सांगितलं, "पहिली हाक माझी! मास्तरांनी स्वतः दिली!"

तेव्हापासून दर वर्षी तेच. तिची कडी पहिल्या हाकेला ओ द्यायची, गोळे वर यायचे, आणि मास्तरांच्या कडीला हाक मारायची वेळच यायची नाही. मास्तर आपली कडी खांद्यावर टाकून भिंतीकडे तोंड केलेल्या आपल्या टेबलाशी जायचे. जहाजावर ती बिनघोर झोपायची. आपली चुकली तरी मास्तरांची आहे, एवढा आधार पुरे असायचा. विसंबू नको असं शिकवणाऱ्यावरच ती सगळ्यात जास्त विसंबली होती.

आणि एका वर्षी कडी चुकली.

यंत्र होतं प्रवाहवाल्या बाईंचं. या बाई संशोधक, हसतमुख, जहाज लागल्यामुळे कायम पांढऱ्याफटक पडलेल्या. हाकवालीनं हाक मारली. कडीनं ओ दिली. तिनं सोड म्हटलं. सोडलं, असं उत्तरही आलं. सगळे कठड्याशी जाऊन पाण्याकडे बघत राहिले. गोळे काही येईनात. तिनं पुन्हा सोड म्हटलं, पुन्हा सोडलं असंच उत्तर. खाली काहीतरी अडकलं होतं.

"मास्तरांची," कुणीतरी म्हणालं.

तिनं मास्तरांच्या कडीचा आवाज लावला. उत्तर नाही. भोंगा आणखी खोल सोडला, जहाज थोडं पुढे घेतलं, मागे घेतलं. खालून काहीच नाही. मास्तर शेजारीच उभे होते, हात खिशात. "समुद्र आहे," ते म्हणाले. "पाणी शिरलं असेल. चल आता." प्रवाहवाल्या बाई एका दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसल्या आणि त्यांनी ओंजळीत तोंड झाकलं. जहाज रिकाम्या हातानं परत फिरलं.

कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणारच होतं. वर्कशॉपाच्या साहेबांनी दोघांना वेगवेगळं बोलावलं. हाकवालीनं जे झालं ते सांगितलं, आणि मास्तरांच्या कडीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांच्या कडीत खोट असणारच नाही, साहेब. पाणीच शिरलं असेल."

साहेब पेन्सिलीशी चाळा करत होते. माणूस वाईट नव्हता, पण अवघड बोलणं एका दमात उरकून टाकायची त्यांना घाई असे. "ते मात्र तुमच्याबद्दल असं म्हणाले नाहीत," ते म्हणाले. "तुमच्या आकड्याला वंगण कमी पडलं असेल, असं त्यांचं मत आहे. मुलीच्या आजारपणात तुमचं कामावर लक्ष नव्हतं म्हणे."

मुलगी आजारी होती हे खरं. ते मास्तरांना माहीत होतं, कारण दवाखान्यात तिच्या उशाशी तेच बसून असत, म्हणून तर हिला कामावर जाता आलं होतं. साहेबांनी निर्णय सांगितला. आकडे लावलेली लांब तार तळावरून ओढून यंत्र सापडतं का बघायचं. त्या जहाजावर ती जाईल. वंगणात चूक निघाली, किंवा यंत्र सापडलंच नाही, तर समुद्रावरचं काम बंद. पुढे कायमचं भांडारात, नटबोल्ट मोजत.

"मास्तर असं बोलले?" नवऱ्यानं घरी विचारलं.

"घाईत बोलले असतील. साहेबांनी खोदून विचारलं असेल."

"खोदून विचारलं तर माणूस खरं बोलतो, नाहीतर आपली कातडी वाचवतो."

"तू गप्प बस. तुला काय माहीत ते."

डबा भरताना तिच्या आवडीची खारी बिस्किटं त्यानं जरा जास्तच भरली. ती रागावली होती ती नवऱ्यावर. मास्तरांवर रागवायचं कसं, हे तिला माहीतच नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

निघायच्या सकाळी मास्तरांचा फोन आला. गुडघा दुखतो म्हणून ते येणार नव्हते. "सापडलीच तर माझी कडी आहे तशी घेऊन ये," ते म्हणाले. "उघडू नकोस. नियम माहीत आहे ना?"

"असं काय विचारता, मास्तर?" ती म्हणाली. तिला उलट बरं वाटलं. आवाज नेहमीसारखाच मायेचा होता.

तार ओढायचं काम म्हणजे अंधारात पडलेली सुई झाडूनं शोधायची. जहाज त्या जागेभोवती गोल गोल फिरत राहिलं. तार कधी चिखल घेऊन वर आली, कधी नुसतीच आली. हाकवालीच्या डब्यातली खारी बिस्किटं तशीच राहिली. शेवटी एका दुपारी तार ताणली, खाली काहीतरी तुटलं, आणि जहाजाच्या मागे पिवळा गोळा वर आला. मग दुसरा आला. प्रवाहवाल्या बाई इतक्या जोरात किंचाळल्या की स्वयंपाकी हातात झारा घेऊन धावत बाहेर आला.

यंत्र डेकवर आलं तेव्हा तिनं आधी आपली कडी बघितली. आकड्याच्या तोंडात मासेमारीच्या जाळ्याची नायलॉनची दोरी घट्ट पिळून बसली होती. आकडा अर्धा उघडून तिथेच अडकला होता. दोरी कापून काढल्यावर आतून वंगण तिच्या बोटाला लागलं, जाड आणि पिवळं, तिनं भरलं होतं तेवढंच. तिनं ते बोट सगळ्यांना दाखवलं. प्रवाहवाल्या बाईंनी तिला मिठी मारली आणि त्यांच्या कोटालाही वंगण लागलं. भांडाराचं संकट टळलं होतं. तिला वाटलं, आता मास्तरांना सांगू, बघा, वंगण पुरेसं होतं, आणि ते म्हणतील, अगं मी आपला घाईत बोललो.

मास्तरांची कडी गोणपाटात गुंडाळून ती खाली न्यायला निघाली, तर कप्तान आडवा आला. "ही ओ देत नव्हती ती ना? बंद नळी मी खाली नेऊ देणार नाही. आत पाणी शिरलं असेल तर सेल सडून गॅस कोंडलेला असतो. झाकण तोफेसारखं उडतं. इथे उघड्यावर ढिली करा."

"ही माझी नाही. आमच्यात दुसऱ्याची उघडत नाहीत."

"तुमचा नियम तुमच्या वर्कशॉपात. झाकण उडून कुणाचं डोकं फुटलं तर तुमचे मास्तर येणार आहेत का निस्तरायला?"

तिनं खूप वाद घातला. बंदरात उघडू म्हणाली, मास्तरांना फोन लागेपर्यंत थांबा म्हणाली. मास्तरांच्या शब्दासाठी ती कप्तानाशी भांडली, हे पुढे आठवलं की तिच्या अंगाची आग व्हायची. कप्तान ऐकेना. शेवटी लोखंडी पत्र्याच्या आडोशाला बसून तिनं एकेक बोल्ट पाव फेरा सैल केला. सुस्कारा आला नाही. पाण्याचा थेंब आला नाही. तिनं झाकण उचललं.

आत खडखडीत कोरडं होतं. रबरी रिंग जागेवर. आणि नळीच्या पोटात सेलचा जुडगा, तिच्या हातच्या डागांचा, त्यावर झगझगीत जांभळी फुली.

ती बाटली रिकामी झाल्याला किती वर्षं झाली! तिनं भंगारात टाकलेले, एक वर्ष समुद्रात राबून दमलेले सेल मास्तरांनी उचलून आपल्या कडीत घातले होते, आणि ते तेव्हापासून तिथेच होते. दमलेला सेलही विश्रांती मिळाली की एखादी ओ देतो. पाण्यात सोडण्याआधी डेकवर विचारलं की ही कडी ओ द्यायची, आणि खाली गेली की मरायची. वर्षानं तिला कुणी हाक मारायचंच नाही. कारण पहिली हाक लेकीची.

आपण बिनघोर झोपायचो ते आठवून तिला स्वतःचीच लाज वाटली. इतकी वर्षं खाली तिची एकटीचीच कडी होती.

"पाणी आहे का?" पत्र्यामागून प्रवाहवाल्या बाईंनी विचारलं. त्या जवळ आल्या आणि वाकून बघू लागल्या. "ही फुली कसली?"

झाकण पुन्हा लावून टाकावं असं तिच्या हाताला वाटलं. मास्तरांचा शब्द पाळायची तेवढी सवय होती. "संपलेल्या सेलची खूण," ती म्हणाली. "मी मारलेली."

बंदरातून ती घरी गेली नाही, वर्कशॉपात जाऊन तिथून मास्तरांकडे गेली. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, दार उघडलं, "अगं, किती काळवंडलीस!" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मास्तर खिडकीशी गुडघ्यावर शाल टाकून बसले होते. तिनं पिशवीतून जुडगा काढला आणि शेजारच्या स्टुलावर ठेवला, फुली वर करून.

मास्तरांनी तो बघितला. मग हात शालीखालून काढून पुढे धरले. हात थरथरत होते. जहाजावर ते खिशात का असत, ते तिला आत्ता कळलं.

"डाग देता येईना," ते म्हणाले. "एक सेल जोडायला गेलो की दुसरा सुटायचा. आणि तुझ्या हातचा जुडगा, पोरी, जुना असला तरी माझ्या नव्यापेक्षा बरा. तुझी कडी कधी चुकत नाही. मग म्हटलं…"

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर दोन्ही कड्या तूच केल्या असत्यास. मग नियम कुठे राहिला? आणि मी कुठे राहिलो?"

दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर त्याचं मन पाघळलं असतं. तिचंही पाघळत होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. "आणि माझं वंगण?" ती म्हणाली. "माझ्या लेकीचं आजारपण?"

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. "निवृत्ती तोंडावर आली आहे माझी," ते म्हणाले. "आपल्यातलं आपल्यात राहू दे."

"तुम्ही साहेबांना माझ्याबद्दल सांगत होतात तेव्हा हे आपल्यातलं नव्हतं का? तुम्ही केसानं गळा कापलात, मास्तर. दवाखान्यात माझ्या लेकीच्या उशाशी बसून कापलात." तिचा आवाज चढला, तशी स्वयंपाकघरातली कपबशांची किणकिण थांबली. "तुमची नळी मी साहेबांच्या टेबलावर ठेवून आले आहे. उघडीच. त्यांनी विचारलं, आत काय होतं. मी सांगितलं."

मास्तरांनी मान हलवली. चिडले नाहीत, रडलेही नाहीत. ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं.

"एकच सांगा," ती म्हणाली. "पहिली हाक मला का दिलीत?"

"तुझी लायकी होती म्हणून."

"त्या वर्षी तुमचे हात चांगले होते?"

मास्तरांनी हात पुन्हा शालीखाली घेतले. ती थांबली. हाक मारल्यावर खालून उत्तर यायला वेळ लागतो, तेवढं थांबायची तिला सवय होती. उत्तर आलं नाही.

काकू चहाचे कप घेऊन दाराशी आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघणं तिला जमलं नाही. ती त्यांच्या बाजूनं निघून गेली. चहाला तोंड न लावता ती त्या घरातून पहिल्यांदाच बाहेर पडली.

मास्तरांना त्याच महिन्यात घरी बसवलं, हारतुरे न करता. वर्कशॉपातले काही लोक तिच्याशी बोलेनासे झाले. म्हाताऱ्याला चार दिवस सांभाळून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्यांचं म्हणणं. तिची मुलगी अजूनही विचारते, आजोबा का येत नाहीत.

मास्तरांच्या टेबलावर आता एक नवी बाई बसते, पूर्वी लिफ्ट दुरुस्त करायची. तिनं टेबल भिंतीकडून फिरवून घेतलं. पुढच्या सफरीत पेटी हाकवालीच्या हातात आली तेव्हा डेकवर सगळे जमले होते. तिनं नव्या बाईच्या कडीचा आवाज लावला.

"पहिली हाक तुमची ना?" नवी बाई गोंधळून म्हणाली.

"आधी दोघींना विचारायचं, आहात का," हाकवाली म्हणाली. "मग सोडायचं."

नव्या बाईच्या कडीनं लगेच ओ दिली. मग हाकवालीच्या कडीनं दिली. दोन्ही जिवंत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नवी बाई लाजली, पिवळे गोळे वर आले. हाकवालीनं पेटी बंद केली आणि ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. तिला तो जुना दिवस आठवत होता. त्याच डेकवर टाळ्या पडत होत्या, डोळे भरून आले होते, आणि मास्तर हसत होते. त्यांचे हात त्या दिवशी खिशात होते की बाहेर, तेवढं आठवायचा तिनं बंदर येईपर्यंत प्रयत्न केला. आठवलं नाही.